दंडाचा पैसा आणि कैदेचे दिवस

आपला माणूस धाराशिवच्या कारागृहात असला, की घरची मंडळी त्याच्या नावे मनिऑर्डर करतात आणि दंड फिटला असे समजतात. तो फिटत नाही. ते पैसे कैद्याच्या खाती पडून कॅन्टीनच्या खर्चाला लागतात. दंड न्यायालयाच्या हिशेबात जमा व्हावा लागतो. पावती मागून घ्यावी.

हमाल-मापाड्यांना सहसा कोणी सांगत नाही ती गोष्ट पुढेच आहे. मूळ शिक्षेचे दिवस पैशाने कमी होत नाहीत; पण दंड न भरल्याबद्दलची कैद दंड भरताच संपते, आणि थोडा भरला तर त्या प्रमाणात घटते. १८६० च्या दंडसंहितेत उदाहरणच होते: दंड १०० रुपये, न भरल्यास चार महिने. पहिला महिना सरण्यापूर्वी ७५ रुपये भरले, तर महिना संपताच सुटका. उरलेल्या २५ रुपयांचा तोच एक महिना. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ मध्येही ही तरतूद आहे. म्हणजे चार घरांतून जमवलेली वर्गणीही दिवस तोडते. (संघटनेच्या फंडाचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.)

तेवढेही जमत नसेल, तर केंद्र सरकारच्या २०२३ च्या योजनेत गरीब कैद्याचा २५,००० रुपयांपर्यंतचा दंड भरण्याची सोय जिल्हा समितीमार्फत केलेली आहे. चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी; कैद्याला तेथे वकीलही फुकट मिळतो.