हाक मारली तरी प्रिंटर ओ देईना

ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं, तरी माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर नुसतं ‘नगर’ म्हटलं की भागतं. घरातल्या वायफायवर एवढी मोकळीक नाही. सावेडीतल्या माझ्या एका मित्रानं हौसेनं प्रिंटरला ‘प्रिंटर डॉट लोकल’ असं नाव दिलं. खालच्या मजल्यावर ते उघडायचं, वरच्या मजल्यावर नाही. त्यानं केबलवाल्याला तीनदा फोन केला. केबलवाल्याचा बिचाऱ्याचा यात काही दोष नव्हता.

गैरसमज: नेट स्लो आहे, म्हणून नाव उघडत नाही.

वस्तुस्थिती: लॅपटॉप आणि प्रिंटर घरातल्या घरात बोलतात तेव्हा बाहेरच्या इंटरनेटचा संबंधच येत नाही. फायबरची वायर काढून ठेवा. राउटर चालू असेल तर प्रिंट निघेल.

गैरसमज: नावांची यादी राउटरमध्ये असते, नाहीतर गूगलकडे.

वस्तुस्थिती: ‘डॉट लोकल’ नावांची यादी कुणा एकाकडे नसते. वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारावी आणि ज्याचं नाव घेतलं त्यानंच ओ द्यावी, तसा हा कारभार आहे. लॅपटॉप २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर विचारतो, ‘प्रिंटर कोण?’ प्रिंटर स्वतःच आपला आयपी पत्ता सांगतो. याला मल्टिकास्ट डीएनएस म्हणतात. ॲपलच्या स्टुअर्ट चेशर आणि मार्क क्रॉकमल यांनी लिहिलेले त्याचे नियम फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘आरएफसी ६७६२’ म्हणून प्रसिद्ध झाले. ॲपल याला बोंजूर म्हणतं. लिनक्सवर हेच काम बहुधा अवाही करतो.

ही हाक वाड्याच्या भिंतीपलीकडे जात नाही, हीच खरी मेख. मित्राकडे खाली फायबरबरोबर आलेला राउटर होता आणि वर रेंज मिळावी म्हणून त्यानं विकत आणलेला दुसरा. खालचे पत्ते १९२.१६८.१ नं सुरू होत, वरचे १९२.१६८.० नं. म्हणजे एका घरात दोन वाडे! गंमत अशी, की वरून प्रिंटरचा आयपी पत्ता थेट टाकला तर पान उघडे, कारण वरच्या राउटरला बाहेर पडायची वाट खालच्यातूनच जाते. हाक मात्र जिन्यातच विरे. म्हणून तपासणीची सुरुवात नेहमी आयपी पत्त्यानं करावी. तो उघडला आणि नाव उघडलं नाही, तर यंत्र ठणठणीत आहे, गडबड नावात आहे. दोन्ही उघडलं नाही, तर नावाला दोष देऊ नका. आधी प्रिंटर नेटवर्कवर आहे का ते बघा.

इलाज सोपा निघाला. वरचा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला, तशी मधली भिंत पडली. ‘गेस्ट’ वायफायवर मात्र बहुतेक राउटर पाहुण्यांना घरच्या यंत्रांपासून मुद्दाम लांब ठेवतात. ती भिंत राहू द्यावी.

गैरसमज: डीएनएसमध्ये ८.८.८.८ टाकलं की सगळं सुटतं.

वस्तुस्थिती: हा सल्ला यूट्यूबवर फार फिरतो. ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस सर्व्हर. नियमाप्रमाणे ‘डॉट लोकल’ नाव त्या सर्व्हरकडे विचारायचंच नसतं. उलट काही राउटर घरातल्या यंत्रांची नावं स्वतः सांभाळतात. लॅपटॉप राउटरला सोडून परस्पर गूगलला विचारू लागला, की तीही सापडेनाशी होतात. तुमच्या घरातला प्रिंटर गूगलच्या सर्व्हरला कसा माहीत असणार? आणखी एक: ब्राउझरमध्ये नुसतं ‘प्रिंटर’ टाकलं तर तो बाजारातले प्रिंटर शोधून देईल. आधी एचटीटीपी, मग पूर्ण नाव.

गैरसमज: आयपी पत्ता वहीत लिहिला, आता नावाची गरज नाही.

वस्तुस्थिती: राउटर पत्ते भाड्यानं देतो, कायमचे नाही. वीज जाऊन आली, की आजचा .५ उद्या .९ होऊ शकतो. वहीवर भिस्त ठेवायची असेल, तर राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवावा.

मित्रानं शेवटी तेही केलं, कारण त्याच्या वडिलांचा फोन जुना आहे आणि साधारण अँड्रॉइड १२ च्या आधीच्या फोनांना ब्राउझरमध्ये ‘डॉट लोकल’ कळत नाही. त्यांच्यासाठी प्रिंटरवर चिठ्ठी डकवली आहे: १९२.१६८.१.५०.