वाढत्या मुलामुलींना रोज किती उष्मांक हवेत?



कामाच्या दिवसांत बैलाला ढेप वाढवून द्यावी, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. मग घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला किती वाढायचं, याचा हिशेब आपण मांडतो का?

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत म्हणजे किलोकॅलरीत मोजतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यानुसार रोजची गरज अशी आहे :

7 ते 9 वर्षे : 1,700
10 ते 12 वर्षे : मुलगा 2,220, मुलगी 2,060
13 ते 15 वर्षे : मुलगा 2,860, मुलगी 2,400
16 ते 18 वर्षे : मुलगा 3,320, मुलगी 2,500

मध्यम कष्ट करणाऱ्या बाईला 2,130 उष्मांक लागतात. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीची गरज अशा आईपेक्षाही जास्त! अन् तीच पोर कोरा चहा पिऊन कापूस वेचायला जाते, सगळ्यांच्या मागून जेवते.

शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंत 450 आणि सहावी ते आठवीला 700 उष्मांकांचं प्रमाण ठरलेलं आहे. नववीपासून हे जेवण मिळत नाही. नेमकी तेव्हाच भूक वाढलेली असते. ही तूट घरीच भरून काढायची.

या मुलीचा दिवसाचा आहार असा ठेवा :

ज्वारीच्या 5 भाकरी (पीठ 300 ग्रॅम) : 1,000
तांदूळ 75 ग्रॅम : 260
तुरीची डाळ 60 ग्रॅम : 200
तेल 5 चमचे : 225
शेंगदाणे 40 ग्रॅम : 225
गूळ 30 ग्रॅम : 115
दूध पाव लिटर : 170
भाजी, फळ : 150

एकूण सुमारे 2,350 झाले. मुलाला यावर दोन भाकरी आणि थोडी जवसाची चटणी द्या. एकदम पोटात मावत नसेल तर चार वेळा द्या. सकाळची न्याहारी चुकवू नका. मुलींना लोहही जास्त लागतं, म्हणून रोज पालेभाजी आणि त्यावर लिंबू पिळून द्या.

1937 च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामला नई तालीमची शाळा चालली. तिथे शेती, कताईबरोबर स्वयंपाकही शिक्षणाचाच भाग होता. आपल्याही घरी हा हिशेब मुलामुलींनाच मांडू द्या.

महिन्याला वजन करा. वजन वाढत नसेल, पोर लवकर थकत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आणि आज रात्रीपासून मुलीचं ताट मुलाच्या ताटासोबतच वाढा.