मरणविधींची नोंद आणि ‘कुणबी’ हा शब्द

‘कुणबी’ हा शब्द महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला शिकवावा लागत नाही. कुणबी म्हणजे शेती करणारा, एवढे त्याला घरातूनच ठाऊक असते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात मात्र या शब्दापाशी थांबावे लागते. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यातले कुणबी काळी नदीच्या खोऱ्यातल्या रानात विरळ वाड्या करून राहतात आणि घरात कोकणी बोलतात. परसात तऱ्हेतऱ्हेचे कंद लावण्यासाठी ते ओळखले जातात. महाराष्ट्रात कुणबी इतर मागासवर्गात मोडतात. गोव्यात २००३ साली कुणबी, गावडा आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्याच वर्षी उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजालाही तो दर्जा मिळाला. जोयड्यातल्या कुणब्यांची तीच मागणी कित्येक वर्षे चालू आहे.

एखादा समाज ‘जमात’ आहे की नाही, हे ठरवताना आजही १९६५ च्या लोकूर समितीचे निकष पुढे ठेवले जातात. आदिम वैशिष्ट्ये, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण, असे ते पाच निकष. संस्कृतीचे वेगळेपण दाखवायचे म्हणजे देव, लग्न, आजारपणातले उपचार आणि मरणाचे विधी सांगायचे. त्यामुळे मानववंशशास्त्राचा अभ्यासक या विषयांवर व्याख्यान देतो किंवा लेख लिहितो, तेव्हा त्याचे वाक्य पुढे पुरावा म्हणून वापरले जाण्याचा संभव असतो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी जोयड्याकडच्या एका वाडीवर गेलो होतो. ज्या घरी बसलो, तिथे थोड्याच दिवसांपूर्वी मरण झाले होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपणहून सांगितले, की जिथे जीव गेला त्या जागी पीठ पसरून जवळ दिवा लावला, वर टोपली झाकली आणि सकाळी पिठात कोणाची पावले उमटली ते पाहिले. एका विद्यार्थ्याने हे वहीत उतरवले. निघताना त्या घरच्या मुलाने वही वाचून दाखवायला सांगितली. वहीत शेवटी लिहिले होते, ‘येथे अंधश्रद्धा आढळली.’ तो मुलगा रागावला नाही. एवढेच म्हणाला, “सर, दर्जासाठी माहिती विचारायला येतात, त्यांना हेच सांगावं लागतं. तिथं ते आमचं वेगळेपण, आणि तुमच्या वहीत आमची चूक.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो विधी खरे तर जोयड्यापुरता नाही. पिठावरची पावले पाहण्याची रीत महाराष्ट्रातही अनेक समाजांत आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की घाटावर उभे असलेले नातलग मोठ्याने आश्वासने देऊ लागतात, “धाकटीचं लग्न आम्ही लावू”, “घर मोडू देणार नाही.” कावळ्याला ते कळते का, हा एक प्रश्न झाला. चार माणसांसमोर दिलेला शब्द पुढे मोडणे अवघड जाते, ही दुसरी गोष्ट, आणि अभ्यासकाचे लक्ष तिच्याकडे असायला हवे. रोबेर हर्त्झ या फ्रेंच अभ्यासकाने १९०७ साली मांडले, की समाजाच्या दृष्टीने मरण ही एका क्षणाची घटना नसते. गेलेल्याची जागा नव्याने ठरेपर्यंत ते चालू असते. दहावा-तेरावा पाळणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

अशा नोंदी आपल्याकडे नव्या नाहीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कानडा जिल्ह्यावरचा खंड १८८३ सालचा. त्यात जातवार राहणी, लग्न, मरणाचे विधी सारे आहे. पण त्या गॅझेटियरांत ‘कष्टाळू’, ‘अस्वच्छ’ असे शेरेही सर्रास आढळतात, आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचून दाखवण्याची पद्धत नव्हती. मराठीत ही दरी कमी केली ती इरावती कर्वे यांनी. डोकी मोजणाऱ्या शास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या बाईंनी सामान्य वाचकासाठी घरगुती मराठीत लिहिले. एका नावाखाली दिसणारी जात पुष्कळदा स्वतंत्र, आपापसांतच लग्ने करणाऱ्या गटांचा समूह असते, हे त्यांनी दाखवले. ‘कुणबी’ या शब्दाचा जोयड्यातला गुंता समजायला हे सूत्र आजही उपयोगी पडते.

औषधांच्या बाबतीत आणखी जपावे लागते. मरणविधी सांगितल्याने घरचे काही जात नाही. झाडाचे नाव छापल्याने रान जाऊ शकते. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कर्करोगावरच्या औषधांना लागणारे कॅम्प्टोथेसिन असल्याचे १९७२ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे या झाडाची बेसुमार तोड झाली. उलट उदाहरण केरळातले आहे. काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपचा या वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले, तेव्हा मोबदल्याचा वाटा त्यांच्या न्यासाला देण्यात आला. आदर म्हणजे गप्प राहणेही नाही. सर्पदंशावर पाला देणाऱ्याची नोंद जरूर करावी, पण प्रतिविष रुग्णालयातच मिळते आणि तिथे पोचायला उशीर चालत नाही, हे त्याच बैठकीत स्पष्ट सांगावे.

त्या वाडीवरून परतल्यावर आम्ही क्षेत्रकार्याच्या वहीतला ‘श्रद्धा की अंधश्रद्धा’ हा रकाना काढून टाकला. त्या जागी तीन रकाने आले: सांगणाऱ्याने वापरलेला शब्द, तो विधी कोण कोणासाठी करतो, आणि हे छापायला त्याची संमती आहे का. औषधाच्या नोंदीत संमती नसेल तर झाडाचे नाव लिहायचे नाही. निघण्यापूर्वी वही वाचून दाखवायची, हा नियम आता मुलेच मला आठवण करून देतात. आमच्या नोंदींनी कोणाला दर्जा मिळणार नाही. पण ज्याच्या घरी बसून लिहिले, त्याला ते वाक्य समोर वाचून दाखवता यावे, एवढे आपल्या हाती आहे.