कडक तंबाखूची साठवण : वजन घटते, जहर घटत नाही

शिरूर आणि दौंड येथील तांबोळी, अत्तार आणि किराणा व्यापारी बंधूंच्या दुकानात तंबाखूचा डबा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कोणी चिलमीसाठी नेतो, कोणी चुन्याबरोबर मळण्यासाठी, तर एखादा शौकीन पाइपसाठी. माल एकच दिसला तरी तो किती कडक आहे, ओलसर आहे की कोरडा, यावर धंद्याचा नफा-तोटा आणि गिऱ्हाइकाची तब्येत दोन्ही अवलंबून असतात. म्हणून आज या मालाची थोडी उकल करू.

तंबाखू आपल्या दख्खनला नवी नाही. असद बेग हा मोगल दरबारचा अधिकारी विजापूरला गेला होता. त्याने तिथली तंबाखू आणि सुंदर चिलीम 1604 च्या सुमारास अकबर बादशाहाला नजर केली. बादशाहाने एक-दोन झुरके घेतले, पण शाही हकिमाने हरकत घेतली. पुढे 1617 मध्ये जहांगीरने तंबाखू ओढण्यास मनाई केली. मनाई टिकली नाही, पण हकिमाची शंका खोटी नव्हती हे आज सारे डॉक्टर सांगतात.

कडकपणा कशामुळे?

पानातील निकोटिन या द्रव्यामुळे. 1828 मध्ये जर्मनीत ते प्रथम वेगळे काढले गेले. निपाणी भागात विडीसाठी पिकते ती नेहमीची जात. सिगारेटच्या पानात निकोटिन साधारण 1 ते 3 टक्के असते. रस्टिका नावाची दुसरी जात हुक्का आणि खाण्याच्या तंबाखूसाठी वापरतात. तिच्या काही पानांत ते 8-9 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे डोळ्यांना सारखी दिसणारी चिमूट दुसरीपेक्षा कित्येक पट जहाल असू शकते.

चुन्याचे कामही समजून घ्या. चुन्यामुळे निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या नाजूक त्वचेतून झटकन रक्तात उतरते. पाइपच्या धुराचेही काहीसे तसेच आहे. तो धूर छातीत न ओढताही तोंडातून निकोटिन शिरते. म्हणून रिकाम्या पोटी कडक पाइप किंवा चिलीम ओढणाऱ्याला घाम, चक्कर, मळमळ, उचकी असा त्रास होतो. चिलमीला ओले फडके लावले किंवा हुक्क्यात पाणी भरले म्हणजे धूर निर्मळ होतो, हा निव्वळ गैरसमज आहे.

वजनाचा हिशेब

तंबाखू हवेतील ओल शोषते आणि सोडते. घोडनदी व भीमाकाठचा आपला मुलूख एप्रिल-मे महिन्यांत कडक कोरडा आणि पावसाळ्यात दमट. समजा, 50 किलोच्या पोत्यात 16 टक्के ओल आहे. उन्हाळ्यात ती 10 टक्क्यांवर आली तर पोते सुमारे 46 किलो 670 ग्रॅम भरेल. सव्वातीन किलोंहून अधिक वजन हवेत गेले! निकोटिन मात्र तेवढेच राहिले. म्हणजे त्याच वजनाची पुडी आता सुमारे 7 टक्के अधिक कडक झाली. शिवाय कोरडी तंबाखू भसाभस जळते आणि जीभ पोळते.

तूट भरून काढायला काही जण पाणी शिंपडतात. हा दुहेरी घाटा आहे. गिऱ्हाइकाला पाण्याचे पैसे पडतात आणि चार दिवसांत मालाला बुरशी धरते. बुरशीचा माल वाळवून पुन्हा विकू नये, तो टाकूनच द्यावा.

साठवण कशी करावी?

चिमूट बोटांत दाबून पाहा. चुरा झाला तर माल कोरडा, गोळा होऊन तसाच राहिला तर ओला, दाबल्यावर हळूहळू मोकळा झाला तर ठीक. थोडा माल रबरी कडीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवावा. बरणीवर आणल्याची तारीख लिहावी आणि जुना माल आधी विकावा. मसाले, अत्तर, अगरबत्ती यांच्या शेजारी ठेवू नये. तंबाखू वास धरते आणि चहालाही तिचा वास लागतो. कोरड्या मालाला ओल द्यायची तर भिजवून पुसलेली खापरी एक दिवस बरणीत ठेवावी. बटाट्याची फोड किंवा लिंबाची साल टाकू नये, त्याने बुरशी येते.

पानावर सुईच्या टोकाएवढी भोके आणि पिठासारखा भुगा दिसला की तंबाखूचा भुंगा लागला समजा. उष्ण हवेत त्याची एक पिढी साधारण दीड-दोन महिन्यांत तयार होते. तो माल ताबडतोब वेगळा करावा. चांगला माल वाचवायचा तर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवावा आणि पूर्ण निवल्याशिवाय, म्हणजे बाहेरच्या हवेइतका झाल्याशिवाय, उघडू नये. धान्यात टाकतात ती विषारी गोळी मात्र दुकानात कदापि वापरू नये. तिचा वायू प्राणघातक आहे, आणि आपल्यापैकी अनेकांचे बिऱ्हाड दुकानाच्या मागे किंवा माडीवरच असते.

कायदा आणि जबाबदारी

2003 च्या केंद्रीय कायद्याने 18 वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळा-कॉलेजच्या 100 यार्डांच्या आत विकणे मना आहे. आरोग्याचा इशारा नसलेले पाकीटही विकता येत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला तंबाखू दिल्यास 7 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पुढे सुगंधी तंबाखूवरही आली, आणि सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या विडी-सिगारेटची विक्री बंद करण्यात आली. तेव्हा खाण्याच्या तंबाखूत घरी अत्तर मिसळून ‘खास माल’ विकण्याचा मोह टाळावा.

बरणी लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. थोडी तंबाखू गिळली तरी बाळाला विषबाधा होते. ओला माल हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण निकोटिन कातडीतूनही शिरते.

आणि शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चांगल्या साठवणीने माल टिकतो, तो निर्धोक होत नाही. तोंडाचा आणि फुफ्फुसाचा कर्करोग मऊ-कडक पाहून येत नाही. ज्यांच्या दुकानात तंबाखूबरोबर सुपारी, मसाले, किराणाही आहे, त्यांनी तंबाखूचे फळकूट दरसाल थोडे आखूड आणि बाकीचे लांब करावे, असे आम्हाला वाटते. नव्या पिढीच्या हाती दुकान देताना कमी झालेला हा डबा तोट्यात धरू नये.