करवंटीतलं आमिष

गायरीवर कुदळीचा घाव पडला तशी आतून वाफ वर आली. गायरी म्हणजे आमच्या कुडाळकडच्या बोलीतला शेणखताचा खड्डा. शेजारच्या आबांनी एक ढेकूळ हाताने फोडलं. आत चंद्रकोरीसारखी वळलेली अळी होती: बोटाएवढी जाड, दुधाळ पांढरी, डोकं तपकिरी, मागच्या टोकाला पोटातलं खत काळपट दिसणारं. आबांनी ती करवंटीत टाकली आणि वर मूठभर तेच शेणखत पसरलं. "सा गावल्यो, खूप झाल्यो," म्हणाले आणि खड्डा पुन्हा बुजवला.

ही गेंड्या भुंग्याची अळी. हा भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडतो. पुढे ती झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोणी तुकडे कापल्यासारखी दिसते. अळी मात्र शेणखतात नाहीतर कुजक्या ओंडक्यात वाढते, म्हणून माडाच्या बागायतदारांना खताचे खड्डे उपसून अळ्या वेचायला सांगतात. आबा वेचतात, पण मारून टाकण्याऐवजी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, नेतात. एकाच कामात माडाची राखण होते आणि रात्रीच्या कालवणाचीही आशा लागते.

मी पुण्याहून येताना सुगंधी तयार आमिषाचं पाकीट आणलं होतं. आदल्या दिवशी सकाळभर गरी टाकून बसलो, काही लागलं नाही. आबांनी पाकीट हुंगलं आणि परत दिलं. "पयल्यांदा दगड परतून बघ, मगे गरी टाक."

म्हणून व्हाळात उतरलो आणि गुडघाभर पाण्यातला एक दगड उलटा केला. खालच्या बाजूला वाळूचे कण चिकटवून केलेली बोटाच्या पेराहून लहान नळी होती, आणि नळीतून एका अळीचे पाय बाहेर आले होते. शेजारी चतुराचं पिल्लू चिखलाच्या रंगात दडून बसलेलं. चतुर हवेत उडण्याआधीचं त्याचं सगळं बालपण असं पाण्यात जातं. इथल्या माशांचं रोजचं जेवण हेच आहे, सुगंधी गोळ्या त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. आबांचं सगळं शास्त्र एवढंच: त्या आठवड्यात त्या पाण्यात जे पडतंय किंवा वाढतंय, तेच गरीला लावायचं.

त्यामुळे आमिष ऋतूप्रमाणे बदलतं. मिरगाचा पाऊस पडला की संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दिव्याभोवती झुंबड करतात. दिव्याखाली पाण्याची परात ठेवली की पंधरा मिनिटांत परातीत थर साचतो. ते इतके मऊ की एकेक टिकत नाही. बारीक गरीवर तीन-चार ओवावे लागतात. भातकापणीच्या दिवसांत नाकतोडे. ते पहाटे धरायचे, दव असताना. ऊन चढलं की हाती लागत नाहीत. नाकतोड्याच्या पोटात गरी खुपसली की तो मेलाच. डोक्यामागे जी कडक ढाल असते, तिच्या कडेखालून गरी ओवली तर तो पाण्यावर पाय झाडत राहतो, आणि मासा त्या हालचालीवरच येतो. गायरीतल्या अळीचंही तसंच. पोटाला भोक पडलं की आतला रस वाहून जातो आणि गरीवर रिकामी पिशवी उरते, म्हणून डोक्यामागची घट्ट कातडीच धरायची.

हुमले, म्हणजे आंब्या-काजूवर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, हे आणखी एक आमिष. बंगालमध्ये आणि बांगलादेशात त्यांची अंडी-अळ्या मासेमारीच्या आमिषासाठी बाजारात विकली जातात. ती गरीवर नुसती राहत नाहीत, पिठात किंवा पावात मळून गोळी करतात. मी एकदा काजूवरचं घरटं काढायला गेलो. गोळी होण्याआधी कोपरापर्यंत हात सुजला.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घाणेरडं आमिष म्हणजे माशीच्या अळ्या. माशाचं डोकं झाकण नसलेल्या डब्यात घराबाहेर सावलीत ठेवलं की निळ्या-हिरव्या माश्या अंडी घालतात आणि उकाड्यात दिवसभरात अळ्या दिसू लागतात. चार-पाच दिवसांत त्या भरतात. मग गव्हाच्या कोंड्यात सोडायच्या. कोंड्यात फिरून त्या स्वतःच स्वच्छ होतात आणि वासही कमी होतो. हातात घेऊन पाहिलं तर बोथट टोकाला दोन काळे ठिपके दिसतात. ते डोळे वाटतात, पण ती श्वासाची छिद्रं आहेत. तोंड निमुळत्या टोकाला असतं. गरी या बोथट टोकाच्याच कातडीत अगदी टोकाशी अडकवायची. त्यासाठी चौदा किंवा सोळा नंबरची गरी हवी. नंबर वाढला की गरी लहान होते, हे मला दोन पाकिटं चुकीची आणल्यावर कळलं. आणखी एक चूक पुण्याच्या घरी केली. अळ्यांचा डबा गॅलरीत विसरलो. आठवड्याने अळ्यांचे तांबूस कोष झाले होते, आणि पुढच्या आठवड्यात गॅलरीभर माश्या.

काही गोष्टी मात्र टाळाव्यात. गांधीलमाशीच्या पोळ्यातल्या अळ्या मरळीला आवडतात असं सांगणारे भेटतील. त्या पोळ्याला हात लावू नका, डंखांनी माणसं दगावली आहेत. फवारणी झालेल्या शेतातला किडा घेऊ नका, ते विष माशातून तुमच्या ताटात येऊ शकतं. आबा तंबाखू खातात, पण आमिषाला हात लावण्याआधी व्हाळाच्या कडेची माती तळहातांना चोळून धुतात. साबण लावत नाहीत.

त्या दिवशी सहा अळ्यांवर दोन मासे लागले. एक मरळ, वीतभर लांब. दुसऱ्याचं पोट फुगलेलं होतं. आबांनी हात पाण्यात ओला केला, गरी अलगद सोडवली आणि त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं, तो आपणहून निसटेपर्यंत. पावसाच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला वर चढतात. तेव्हा गाभोळीने भरलेला मासा गरीला लागला, तर तुम्हीही तेवढं करा.