उंदरांचा बंदोबस्त: आधी डबा, मग भोक, मग सापळा



बैठकीत हिशेबाची वही मिटली की घरच्या गोष्टी निघतात. नवं धान्य घरात आलं, पापड-कुरडयांचे दिवस सुरू झाले, की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, उंदरांवर कोणतं औषध चांगलं?" आज त्यावरच बोलू या. पण उत्तराची सुरुवात औषधानं होणार नाही. औषध सगळ्यात शेवटी येतं, आणि आधीची कामं नीट झाली तर बऱ्याच घरांत ते लागतच नाही.

आधी पाहुणा ओळखा

घरात खुडबुड करणारं प्रत्येक जनावर एकच नसतं. स्वयंपाकघरात, डब्यांमागं फिरतो तो छोटा उंदीर. शेपूट सोडली तर बोटभर लांब, आणि त्याची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी. माळवदाच्या लाकडांवरून, पत्र्याखालच्या आढ्यावरून पळतो तो मोठा काळा उंदीर. वीतभर अंग आणि अंगापेक्षा लांब शेपूट. भिंतीच्या पायाशी मातीचा ढीग काढते ती घूस. आणि लांब टोकदार नाक, उग्र वास, भिंतीकडेनं चिकचिक करत पळते ती चिचुंद्री. ती उंदराच्या जातीची नाही. ती झुरळं, किडे खाते. तिच्या मागं लागू नका.

ओळखायचं कशासाठी? कारण उपाय वेगळे आहेत. छोटा उंदीर चौकस असतो, नवी वस्तू दिसली की लगेच हुंगायला येतो. मोठा उंदीर संशयी असतो. नवा पिंजरा दिसला तर दोन-तीन दिवस त्याच्या जवळही जात नाही. "पिंजरा लावला, पण काही सापडत नाही" असं म्हणून आपण दुसऱ्याच दिवशी तो उचलून ठेवतो, आणि काम तिथंच फसतं.

पाडवा ते आषाढी

आता थोडा हिशेब करू. छोट्या उंदराची मादी एकवीस दिवसांत विते. एका वेळी पाच-सहा पिल्लं होतात, आणि ती दीड महिन्यात स्वतः वियायला तयार होतात. म्हणजे पाडव्याला घरात एक जोडी शिरली, खायला भरपूर मिळालं आणि सगळी पिल्लं जगली, तर आषाढी एकादशीपर्यंत घरात तीस-पस्तीस उंदीर होऊ शकतात.

एक छोटा उंदीर दिवसाला साधारण ३ ग्रॅम खातो. पस्तीस उंदीर म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर, महिन्याला तीन किलो. पण खरं नुकसान खाण्यात नाही, नासवण्यात आहे. एक उंदीर दिवसभरात पन्नासच्या वर लेंड्या टाकतो आणि चालता चालता मुततो. गटाच्या पापडाच्या पिठात एक लेंडी निघाली, तर ते सगळं पीठ विकण्याच्या लायकीचं राहत नाही. गिऱ्हाईक एकदा तुटलं की पुन्हा येत नाही, पण गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतोच.

मामल्याची आठवण

आता आजाराचं बघू. आपल्यापैकी वयानं मोठ्या असलेल्यांना १९९४ साल आठवत असेल. त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. देशात जवळपास तीन दशकं ज्याचं नाव ऐकू आलं नव्हतं, तो रोग आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आला. पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. मामल्याचं कारण तज्ज्ञांनी सांगितलं ते असं: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर भीतीनं लोक घरं सोडून बाहेर राहायला गेले, आणि धान्य बंद घरांत पडून राहिलं. माणूस नाही, मांजर नाही, धान्य मात्र भरपूर. उंदरांना याहून चांगलं घर कुठलं? ते वाढले, त्यांच्या अंगावरच्या पिसवा वाढल्या, आणि पिसवांनी रोग माणसांपर्यंत आणला.

याच रोगानं आपली सावित्रीमाई नेली. पुण्यात प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तेव्हा हा रोग नेमका कसा पसरतो हे उलगडलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, कराचीत काम करणारे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग आणते. उंदीर मेला, अंग थंड पडलं, की पिसू त्याला सोडते आणि दुसरं गरम अंग शोधते. म्हणून जुन्या बाया सांगायच्या, घरात उंदीर पडायला लागले की घर सोडा. त्यात तथ्य होतं.

आज प्लेगवर औषधं आहेत, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण एक नियम लक्षात ठेवा. घरात किंवा गल्लीत औषध न घालता एकदम बरेच उंदीर मरून पडलेले दिसले, तर हात लावू नका. त्याच दिवशी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

आपल्याला जास्त गाठ पडते ती लेप्टोची. उंदराचं मूत पाण्यात, चिखलात मिसळतं आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात जातं. पावसाळ्यात जोराचा ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल, असं झालं तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना सांगा की घरात उंदीर आहेत, चिखलात काम केलं आहे.

आणि उंदरामागं साप येतो. नाग, मण्यार काही आपल्याला चावायला घरात शिरत नाहीत, ते भक्ष्याच्या मागावर येतात. खाली अंथरूण टाकून लेकरं झोपतात त्या घरात उंदीर ठेवणं म्हणजे सापाला बोलावणं.

पहिलं काम: ताट उचला

उंदीर घरात राहतो तो खायला मिळतं म्हणून. तेवढं बंद करा.

धान्य पोत्यात असेल तर ते पत्र्याच्या कोठीत, घट्ट झाकणाच्या डब्यात जाऊ द्या. प्लास्टिकची बरणी मोठा उंदीर कुरतडतो. पोती ठेवावीच लागली तर जमिनीपासून हातभर उंच फळीवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो. मधे मोकळी जागा असली की त्याला लपता येत नाही आणि आपल्याला झाडता येतं. खरकटी भांडी रात्री तशीच ठेवू नका. चुलीपाशी भाकरीचा तुकडा, जनावरांची पेंड, सरकी, कोंबड्यांचे दाणे, देवापुढचा प्रसाद, हे सगळं त्याचं जेवणच आहे.

घराला टेकून रचलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या, सरपण, कडबा, हे त्याचं दुसरं घर. जागा असेल तर गंजी भिंतीपासून दहा-बारा पावलं लांब हलवा.

दुसरं काम: वाट बंद करा

पेन्सिल जाते त्या भोकातून छोटा उंदीर जातो. अंगठा जातो तिथून मोठ्या उंदराचं पिल्लू जातं. म्हणून "एवढंसं तर भोक आहे" असं म्हणू नका.

भोकं शोधायची सोपी रीत सांगते. भर दुपारी दारं-खिडक्या लावून घरात अंधार करा आणि बघा, उजेड कुठून आत येतो. दाराखालची फट, पत्र्याच्या पन्हळी भिंतीवर टेकतात तिथल्या मोकळ्या जागा, मोरीचा पाइप, वायर आत येते ते भोक. भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबा आणि वरून सिमेंट लावा. नुसती माती किंवा चिंधी त्याला अडवत नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळं त्याला कुरतडावंच लागतं. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोका. मोरीला बारीक जाळी बसवा.

हे काम एकट्या बाईचं नाही, हेही सांगून ठेवते. शिडी लावायची, सिमेंट कालवायचं, गंजी हलवायची, तर घरातल्या सगळ्यांनी एक दिवस द्यावा. उंदीर काही फक्त बाईच्या वाटणीचं धान्य खात नाही.

तिसरं काम: सापळा

अन्न बंद झालं की उंदीर भुकेला होतो आणि सापळा चालतो. डबे उघडे ठेवून सापळा लावला तर तो कशाला त्यात जाईल?

सापळा खोलीच्या मधे नको. भिंतीला लागून, लेंड्या दिसतात तिथं, खाऊची बाजू भिंतीकडं करून ठेवा. छोट्या उंदरांसाठी दर सात-आठ फुटांवर एक. एकच पिंजरा लावून पस्तीस उंदीर जात नाहीत. चार-पाच सापळे एकदम लावा. खायला शेंगदाण्याचा कूट गुळात मळून लावा, किंवा खोबऱ्याचा भाजलेला तुकडा, भज्याचा तुकडा. मोठ्या उंदरासाठी दोन-तीन दिवस चाप न ओढता नुसतं खायला ठेवा. भीती मोडली की मग चाप ओढा. लेकरांचा हात जाणार नाही अशी जागा बघा.

पिंजऱ्यातला उंदीर शेजारणीच्या परसात सोडणं हा काही उपाय नाही, तो तिथं वाढतो आणि परत येतो. चिकट पुठ्ठा मी सांगत नाही. उंदीर त्यावर तासन् तास तडफडतो, आणि पाली, चिमण्याही चिकटतात. कुणी म्हणतं, गणपतीचं वाहन आहे, मारायचं कसं? ज्यांना मारायचं नाही त्यांनी पहिली दोन कामं मन लावून करावीत. अन्न आणि वाट बंद झाली की उंदीर त्या घरात वाढत नाहीत.

कापूर, लसूण, पुदिना, आवाजाचं यंत्र, यांचा गुण टिकत नाही. मांजर उपयोगाची आहे, पण उघड्या धान्याला मांजर पुरी पडत नाही.

मेलेला उंदीर हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला आणि हातभर खोल पुरा. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग पुसून घ्या.

आणि औषध?

आपण औषध म्हणतो, पण ते विष आहे. नळीत मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट दिसायला टूथपेस्टसारखी असते. ती घरात आणूच नका. लहान मुलांच्या हाताला लागते. आणि मोठ्यांचंही सांगते, भांडणाच्या, रागाच्या, निराशेच्या एका घटकेला घरात विष नसलं तर ती घटका निघून जाते आणि माणूस वाचतो. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या तर राहत्या घरात अजिबात नकोत. त्यातून निघणारा वायू झोपेतच माणसाचा जीव घेतो.

अगदीच गरज पडली तर तयार मिळणारा ब्रोमाडायोलोनचा केक, तोही बंद खोक्यात, उंदरापुरतं भोक ठेवून, लेकरं, कोंबड्या, कुत्री पोचणार नाहीत अशा जागी. कणकेत विष कालवून गोळ्या करणं, स्वयंपाकाचं भांडं वापरणं बंद करा. विष खाल्लेला उंदीर मांजर, घुबड खातं आणि तेही मरतं. मग उंदीर खाणारंच उरत नाही.

चुकून कुणाच्या पोटात विष गेलं तर उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. १०८ ला फोन करा, विषाचं खोकं किंवा नळी सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. पेस्टच्या विषात माणूस पहिला दिवसभर बरा दिसू शकतो आणि मग यकृत निकामी होतं. म्हणून "आता ठीक वाटतंय" म्हणून थांबायचं नाही.

गल्ली मिळून एक दिवस

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एका घरानं उंदीर हाकलले की ते शेजारी जातात आणि महिन्याभरात परत येतात. म्हणून हे काम गटानं करायचं आहे. पेरणीच्या आधीचे दिवस त्याला चांगले. शेतात तेव्हा खायला नसतं आणि पावसात भोकं बुजवणं जमत नाही. पुढच्या बैठकीत एवढंच ठरवा: एक तारीख आणि एक गल्ली. त्या दिवशी सगळ्या घरांची भोकं बुजवायची. सिमेंटचं एक पोतं मिळून आणलं तर प्रत्येकीला थोडकाच खर्च येईल. सापळे गटाच्या पैशातून दहा-बारा घ्या आणि आठ-आठ दिवस घराघरांतून फिरवा. गटारीच्या तोंडाला जाळ्या बसवायला ग्रामपंचायतीला अर्ज द्या, खाली सगळ्या गटाच्या सह्या करा. शेतातल्या उंदरांसाठी कृषी सहायकांना गटाच्या बैठकीला बोलवा.

आठ दिवसांनी तपासायचं कसं? रात्री भिंतीकडेनं पिठाची बारीक रेघ मारा आणि सकाळी बघा. पायाचे ठसे दिसले तर एखादं भोक राहून गेलं आहे, ते शोधा. रेघ तशीच राहिली तर तुमचं धान्य तुमचंच राहिलं. मग ते पीठ पुसून घ्या, तेवढंही उंदरासाठी ठेवू नका.