भूमिका आणि दिशा : दिल्लीतील दोन चित्रपट आणि घडणीचे कथानक

ध्येयहीन तरुणाला आयुष्याची दिशा सापडणे, हे आशयसूत्र असणाऱ्या कथनाला युरोपीय साहित्यविचारात ‘बिल्डुंग्सरोमान’ म्हणतात. गटेची ‘विल्हेल्म माइस्टर’ (१७९५-९६) ही कादंबरी या प्रकाराचे आद्य प्रतिमान मानली जाते. मराठीत त्यासाठी ‘घडणीची कादंबरी’ असा शब्दप्रयोग करता येतो. दिल्लीतील तरुणांविषयीच्या ‘लक्ष्य’ (२००४) आणि ‘रंग दे बसंती’ (२००६) या दोन हिंदी चित्रपटांना ही संज्ञा सहज लावता येईल असे प्रथमदर्शनी वाटते. मात्र या चित्रपटांतील तरुण घडतात, असे म्हणण्यापेक्षा ते एक तयार भूमिका अंगीकारतात, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

गटेचा विल्हेल्म हा व्यापाऱ्याचा मुलगा. तो नाटकमंडळीत रमतो, हॅम्लेटची भूमिका करतो आणि पुढे रंगभूमीचा त्याग करतो. आपण नट नाही, हे उमगणे हा त्याच्या घडणीतील निर्णायक टप्पा होय. राकेश ओमप्रकाश मेहरा दिग्दर्शित ‘रंग दे बसंती’मध्ये हा क्रम नेमका उलटा होतो. तेथे तरुण अभिनयात शिरतात आणि त्यातून बाहेर पडतच नाहीत.

या चित्रपटातील डीजे विद्यापीठातले शिक्षण संपून पाच वर्षे झाली तरी तेथेच घुटमळतो. फाटकाच्या आत त्याला ओळख आहे. बाहेरच्या गर्दीत ती पुसली जाईल, ही त्याची भीती. ध्येयहीनता येथे आळस म्हणून येत नाही, ती निनावी होण्याच्या भयातून येते. चित्रपटातील ही सर्वांत सूक्ष्म जाण म्हणावी लागेल. स्यू ही इंग्रज तरुणी क्रांतिकारकांवर माहितीपट करण्यासाठी दिल्लीत येते आणि या मित्रांना भूमिका वाटून देते. डीजे चंद्रशेखर आझाद होतो, करण भगतसिंग, अस्लम अशफाकउल्ला. सुखीच्या वाट्याला राजगुरू येतात. पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू दिल्लीच्या एका थट्टेखोर पोरात अवतरतात, हे मराठी प्रेक्षकाला विशेष जाणवते. लक्ष्मण पांडे हा कडवा पक्ष-कार्यकर्ता. त्याला रामप्रसाद बिस्मिल साकारायचे असतात, म्हणजे ज्या अस्लमचा तो द्वेष करतो त्याच्याच जिवलगाची भूमिका करायची असते. अतुल कुलकर्णी यांनी लक्ष्मणचे हे अवघडलेपण संयमाने दाखवले आहे. ‘भूमिका माणसाला बदलते’ हे गृहीतक संपूर्ण चित्रपटात याच एका पात्राच्या बाबतीत खऱ्या अर्थाने सिद्ध होते.

स्यूच्या माहितीपटाचा आधार आहे तिच्या आजोबांची रोजनिशी, आणि हे आजोबा क्रांतिकारकांच्या तुरुंगावरील इंग्रज अधिकारी होते. दिल्लीच्या तरुणांना त्यांचा इतिहास परत मिळतो तो जेत्याच्या दप्तरातून. वसाहतोत्तर अभ्यासकाला हा तपशील दुर्लक्षिता येणार नाही. चित्रपट मात्र त्यावर थांबत नाही.

मिग विमानाच्या अपघातात मित्र गेल्यावर आणि इंडिया गेटवरील शांत निदर्शनांवर लाठीमार झाल्यावर हे तरुण संरक्षणमंत्र्याची हत्या करतात, आकाशवाणी केंद्रातून कबुली देतात आणि मारले जातात. भूतकाळाची पिवळसर दृश्ये आणि वर्तमानाची रंगीत दृश्ये येथे एकमेकांत मिसळतात. परंतु परकी सत्ता आणि निवडून आलेले सरकार यांतील भेद या संकलनतंत्राने पुसला जातो. संहिता १९२० च्या दशकातील असल्याने शेवटही त्याच दशकातील येतो. दुसरा शेवट सुचण्याइतकी या तरुणांची स्वतंत्र घडण झालेलीच नाही.

प्रेक्षकांनी मात्र ती संहिता जशीच्या तशी स्वीकारली नाही. चित्रपट २६ जानेवारी २००६ रोजी प्रदर्शित झाला. फेब्रुवारीत जेसिका लाल खून खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले, आणि त्यानंतर दिल्लीकर मेणबत्त्या घेऊन इंडिया गेटवर जमले. चित्रपटातील प्रसंगाचे हे अनुकरण होते, परंतु ते निदर्शनांपाशीच थांबले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीस दोषी ठरवले. नायकांना जो मार्ग अपुरा वाटला, तोच प्रेक्षकांनी पत्करला.

जावेद अख्तर यांनी लिहिलेल्या आणि फरहान अख्तर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘लक्ष्य’मध्ये भूमिका गणवेशाच्या रूपाने येते. करण शेरगिल हा सुखवस्तू घरातला, कशातच मन नसलेला मुलगा. मित्राच्या नादाने तो सैन्यासाठी अर्ज करतो आणि वडिलांच्या विरोधामुळे हट्टाला पेटतो. डेहराडूनच्या प्रबोधिनीतील शिस्त न सोसून पळून येतो. रोमिला नाते तोडते तेव्हा अपमानाने परत जातो. त्याला परत नेते ती लाज, ओढ नव्हे. हा भाग कारगिलमधील युद्धदृश्यांहून कितीतरी प्रामाणिक आहे. पुढे कर्नल सुनील दामले यांच्या हाताखाली त्याला दिशा मिळते, आणि ती शिखराच्या रूपात नकाशावरच आखलेली असते. (वडीलधाऱ्या अधिकाऱ्याला मराठी आडनाव देण्यामागे काही हेतू असावा असे मानण्याचे कारण नाही.)

दोन्ही चित्रपटांत एक करण आहे, दोघांचेही वडील श्रीमंत आणि दोघांचाही वडिलांशी उभा दावा. एक करण राज्यसंस्थेचे रक्षण करतो, दुसरा तिच्यावर शस्त्र उगारतो. राजधानीच्या या कथनात राज्यसंस्थेखेरीज दुसरा संवादक नाही. व्यवसाय, संसार, शेजार हा जो मधला अवकाश विल्हेल्मला अखेरीस सामावून घेतो, तो येथे रिकामा आहे.

या संदर्भात भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (१९६३) स्मरण होते. पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी पुण्याला जातो, अपयशी ठरतो आणि गावी परततो. बहीण मनीचा मृत्यू त्याला कोणतेही ध्येय देत नाही. दिल्लीच्या चित्रपटात मित्राचा मृत्यू तत्काळ ध्येय देतो. पांडुरंगाजवळ चढवायला गणवेश नाही आणि वठवायला हुतात्मा नाही. मधला अवकाश मात्र त्याच्याभोवती दाटलेला आहे : वडील, शेती, गावातले रिकामटेकडे सोबती. त्यात त्याला दिशा सापडत नाही, आणि सापडल्याचे सोंगही तो आणत नाही.